एका झाडाच्या दोन टोपल्या

लिहून देणार : मी स्वतः, वय पन्नाशीच्या अलीकडे, धंदा अर्जनवीस, बैठक वडगावच्या मामलेदार कचेरीच्या आवारात चिंचेखाली.
ज्यांच्याविषयी लिहून देतो ते : माझे व्याही, राहणार वराळे, पुण्याच्या एका शेतकी प्रयोगशाळेत तीस वर्षे बाटल्या धुऊन निवृत्त.
घटनेचा काळ : ज्येष्ठ वद्य दशमी ते आषाढ वद्य पंचमी, एकाच वर्षातील.
घटनेची जागा : लोणावळ्याच्या वरच्या अंगाची ठाकरवाडी, आणि गावातला बर्फखाना.
साक्षीदार : एक, बर्फखान्याचे मॅनेजर. दोन, ठाकरवाडीची मावशी, जिच्या झाडाचे आंबे. तीन, त्याच मावशीची शेळी, जिचा जबाब घेता आला नाही.

कचेरीच्या मार्गाने या प्रकरणी उत्तर न आल्यामुळे ते मी आता वाचकांपुढे मांडीत आहे. उपरोक्त व्याह्यांविषयी माझे पहिले विधान असे, की झाडावरून तोडलेल्या फळाचे दुःख कळणारा दुसरा इसम उभ्या मावळात झाला नाही आणि होणार नाही. माणसांचे दुःख त्यांना कितपत कळते हा स्वतंत्र मुद्दा असून त्यावर त्यांच्या सूनबाईचा, म्हणजे माझ्या कन्येचा, जबाब नोंदवता येईल. परंतु पेरू, आंबा, लिंबू, केळे यांपैकी कोणाचीही प्रकृती बिघडली, की व्याह्यांच्या चेहऱ्यावर सुतक उतरते. फळ हाती आले की ते पालथ्या हाताने त्याचे अंग बघतात, जसे आपण तापलेल्या मुलाचे बघतो. मग देठ बघतात, मग सालीवर कान लावल्यासारखे करून वास घेतात, आणि एवढ्या तपासणीनंतर त्यात खाण्याजोगे काही उरले असेल, तर ते दुसऱ्याला देऊन टाकतात. स्वतः फळ खाताना मी त्यांना एकदाच पाहिले आहे, आणि त्या प्रसंगाकडे मी यथाक्रम येणार आहे.

आमची सोयरीक जुळली ती एका केळ्यावरून मोडता मोडता. मुलगी पाहण्यास मंडळी येणार म्हणून मी केळ्यांचा एक उत्तम घड दोन दिवस आधीच आणवला होता, आणि तो फार पिकू नये म्हणून ओळखीने लोणावळ्याच्या बर्फखान्यात ठेवला होता. सकाळी घड घरी आला तेव्हा हिरवापिवळा, टवटवीत होता. दुपारपर्यंत त्याची साल चुलीच्या भिंतीसारखी काळवंडली. तरी वेळेला दुसरे काय ठेवणार, म्हणून तोच ताटात मांडला. कन्येने पोह्यांच्या बशा आणल्या. इतर मंडळी तिच्याकडे पाहत होती, व्याही ताटाकडे. मग त्यांनी एक केळे उचलले, पालथ्या हाताने त्याचे अंग पाहिले आणि विचारले, "ह्याला थंडीत कुणी ठिवलं?" ज्याच्या शब्दाला तीन गावचे तलाठी मान देतात त्या मला, स्वतःच्या ओटीवर, आरोपीसारखे कबूल करावे लागले. व्याही म्हणाले, "उबेतलं लेकरू हाय ते. कानटोपी न घालता बर्फात धाडलं व्हय तुमी?" मग त्यांनी प्रथमच माझ्या कन्येकडे पाहिले आणि तिला एकच प्रश्न केला, तो असा, की पोरी, बाटली धुता येती का. ती हो म्हणाली. लग्न ठरले.

धुणे हा त्यांच्या जीविताचा पाया आहे. कोणतेही भांडे ते तीन वेळा धुतात, शेवटचे पाणी उकळून निववलेले वापरतात, आणि मग ते उजेडाकडे धरून एक डोळा मिटतात. तळेगाव स्टेशनासमोरच्या हॉटेलात चहाचा ग्लास त्यांनी असाच उजेडाकडे धरला आणि मोरीकडे गेले; बाहेर आले तेव्हा हॉटेलातले सर्व ग्लास धुऊन झाले होते आणि आमची गाडी निघून गेली होती. दुसरी सवय चिठ्ठीची. घरातल्या प्रत्येक वस्तूवर ते खळीने चिठ्ठी डकवतात व तीवर वस्तूचे नाव, तिथी आणि अवस्था लिहितात. लोणच्याच्या बरणीवर चिठ्ठी, नातवाच्या पाळण्यावर चिठ्ठी. माझी छत्री एकदा त्यांच्याकडे विसरली. ती परत आली तेव्हा दांड्यावर लिहिले होते : "काळी छत्री. ओली. एक काडी मोडकी. मोडकी आलेली, हितं मोडलेली न्हाई." मी आयुष्यभर दस्तऐवजांत वावरलेला माणूस आहे. इतका निर्दोष दस्त माझ्या हातून अद्याप झालेला नाही, हे मी येथे प्रांजळपणे नमूद करतो.

शिक्षणाचे म्हणाल तर व्याही चौथीपर्यंत शिकले, आणि मी व्हर्नाक्युलर फायनलच्या परीक्षेस एकदा बसलो होतो. तेव्हा दोघांत सुशिक्षित मी. तरीही फळांच्या बाबतीत ते बोलू लागले, की मी टाक खाली ठेवतो. प्रयोगशाळेत त्यांचे एक साहेब होते. साहेब बोलत असत आणि व्याही बाटल्या धुता धुता ऐकत असत. तीस वर्षांत त्या मोरीशी उभे राहून त्यांनी जे ऐकले, ते त्यांनी मला माझ्याच चिंचेखाली बसून सांगितले, ते असे. तोडलेले फळ मेलेले नसते, ते श्वास घेत असते. गार खोलीत ठेवले की त्याचा श्वास मंदावतो म्हणून ते टिकते. पण आंबा, पेरू, केळे ही उबेत वाढलेली फळे, त्यांना फाजील थंडी सोसत नाही. त्यांच्या सालीवर खड्डे पडतात, डाग येतात, आतला गर तपकिरी होतो. झाडावर असताना झाड त्यांना काहीबाही सांगत असते, आता वाढ, आता थांब, आता पीक. हे सांगणे ज्या रसाने होते त्याला साहेब संजीवक म्हणत. व्याही त्याला निरोप म्हणतात. "तोडलेल्या फळाला झाडाचा निरोप पोचत न्हाई, व्याही," ते म्हणाले, "मग ते थंडीत एकटं पडतं आन् घाबरतं. त्या निरोपाचं पाणी करून त्यात आंबा बुडवला आन् मग थंडीत ठिवला, तर तो घाबरायचा न्हाई, असं सायबांचं म्हननं."

परंतु साहेबांचे हे म्हणणे आंब्यावर कसाला लागण्याआधीच त्यांची बदली लांब कुठेतरी झाली, आणि पुढच्याच वर्षी व्याही निवृत्त झाले. जाताना साहेबांनी त्यांच्या हाती एक तपकिरी बाटली दिली. बाटली करंगळीएवढी, आत चिमूटभर पांढरी पूड. साहेब म्हणाले होते, जमलं तर तुम्ही करून बघा आणि मला कळवा. साहेब हे हसत म्हणाले की गंभीरपणे, याविषयी व्याह्यांच्या सांगण्यात काही खुलासा नाही. व्याह्यांनी ती आज्ञा मानली. बाटली धोतराच्या घडीत गुंडाळून वराळ्यास आणली, देवघराच्या कोनाड्यात ठेवली, आणि माझी कन्या त्या घरात नांदावयास गेली तेव्हा देवांची ओळख करून देण्यापूर्वी तिला या बाटलीची ओळख करून देण्यात आली. पूड एकाच खेपेला पुरेल एवढीच होती. त्यामुळे झाड योग्य हवे, आंबा योग्य हवा, आणि थंड खोली मिळायला हवी. चूक करावयास दुसरी बाटली नव्हती.

या कामी जे अर्ज करावे लागले ते सर्व मी केले, कारण व्याह्यांना नाही म्हणण्याची सोय मुलीच्या बापाला नसते. पहिला अर्ज स्पिरिटचा. ती पूड पाण्यात सरळ विरघळत नाही, आधी थोड्या स्पिरिटमध्ये विरघळवावी लागते. त्या काळी दारूबंदी कडक होती. मी अडीच पानी अर्ज लिहिला, त्यात मानवजातीचे कल्याण हा शब्दप्रयोग दोनदा केला आणि व्याह्यांना बरोबर घेऊन कचेरीत गेलो. कारकुनाने अर्जाचा शेवट तेवढा वाचून विचारले, पिणार कोण. व्याही म्हणाले, आंबा. यावर कारकून जे हसला त्यात माझी अडीच पाने वाहून गेली. अखेर दवाखान्याच्या कंपाउंडरने, ज्याच्या बाटल्या व्याह्यांनी महिनाभर फुकट धुऊन दिल्या होत्या, एका लहान शिशीत हवे तेवढे शुद्ध स्पिरिट दिले. अर्जाचा मसुदा माझ्या दप्तरी आहे.

दुसरा अर्ज बर्फखान्याच्या मॅनेजरांना. हे पुण्याकडचे गृहस्थ, स्वभावाने वाईट नव्हेत, परंतु त्यांच्या थंड खोलीत हॉटेलांचे लोणी, मासळी आणि बटाटे असत, आणि आंब्याचा वास लोण्याला लागला तर हॉटेलवाले त्यांना जगू देणार नाहीत, असे त्यांचे म्हणणे पडले. शिवाय आंबे त्यांनी पूर्वी ठेवून पाहिले होते. काळे पडले म्हणून मालक भांडायला आले होते. व्याही परत फिरले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने ते लोणावळ्यास गेले आणि खोलीच्या दाराशी एक थर्मामीटर घेऊन बसले. तिसऱ्या दिवशी तेच. दर अर्ध्या तासाने आकडा लिहीत. असे आठ दिवस झाल्यावर त्यांनी मॅनेजरांपुढे कागद ठेवला, की दुपारी कामगार उसाच्या रसात घालण्यास बर्फ काढायला येतात आणि दार उघडे टाकतात, त्या वेळी तुमच्या लोण्याला ऊन लागते. मॅनेजरांनी कागद पाहिला, कामगारांना बोलावले, आणि मग व्याह्यांना म्हणाले, "आजोबा, कोपऱ्यातली खालची फळी घ्या. दोन टोपल्या, एकवीस दिवस. पण त्यानंतर माझ्या दाराशी बसायचं नाही." माझा अर्ज त्यांनी उघडलाही नव्हता, हे मला नंतर कळले.

आता मावशी. ठाकरवाडीत तिचे एक रायवळ आंब्याचे झाड आहे, आजेसासऱ्याने लावलेले. फळ लहान, धागे थोडे जास्त, पण गोडीला तोड नाही. त्या झाडाची खोड एकच, ते सगळे आंबे ज्येष्ठाच्या अखेरीस आठ दिवसांत देते. आठ दिवस वाडीतली माणसे, माकडे आणि कावळे सगळे आंबाच खातात, आणि उरलेला झाडाखाली कुजतो. पुढे आषाढात धबधबे बघायला मुंबईपुण्याची माणसे लोणावळ्यात लोटतात, तेव्हा मावशीपाशी उकडलेल्या शेंगांखेरीज विकायला काही नसते. व्याही तिला म्हणाले, तुझा आंबा मी आषाढापर्यंत नेतो. ती म्हणाली, "आबा, माझं झाड माझ्या सासऱ्याचंबी ऐकलं न्हाई कदी. तुमचं ऐकंल?" पण दोन टोपल्या द्यायला तयार झाली. तिचे दोन टोपल्या आंबे आणि व्याह्यांची एक चिमूट पूड, दोघांनी आपापले सगळे डावावर लावले.

ज्येष्ठ वद्य दशमीस आम्ही वाडीवर गेलो. आंबा खाली पडून दुखू नये म्हणून व्याह्यांनी प्रत्येक फळ झेल्याने, म्हणजे जाळी लावलेल्या काठीने, देठासकट उतरवून घेतले आणि चीक गळून जाईपर्यंत पालथे ठेवले. मग एका घमेल्यात औषधाचे पाणी केले, दुसऱ्यात साधे. एका टोपलीचे आंबे औषधात बुडवले, दुसरीचे तितकाच वेळ साध्या पाण्यात. हातात घड्याळ होते. देवाला स्नान घालतानाही मी त्यांना इतके सावध पाहिले नव्हते. आंबे सावलीत गवतावर वाळवले, टोपल्या भरल्या, औषधाच्या टोपलीला लाल दोरा बांधला, पाण्याच्या टोपलीला पांढरा. मावशीने विचारले, या दुसरीला औषध का नाही. ते म्हणाले, हिला थंडी बाधंल, मग त्या पहिलीला बाधली न्हाई हे कळंल. मावशी यावर काही बोलली नाही. तिच्या न बोलण्याकडे आम्ही लक्ष दिले नाही, आणि वकील नसलेली माणसे येथेच फसतात. उरलेले औषध सकाळी मोजायचे म्हणून घमेले झाकून ठेवण्यास सांगून, खोलीची थंडी पाहण्यासाठी व्याही तिसऱ्या प्रहरीच बर्फखान्यात उतरले आणि मी त्यांच्या मागे.

सकाळी टोपल्या न्यायला आलो तेव्हा घमेल्यातले औषध दोन बोटे कमी होते. शेजारी मावशीची शेळी बांधलेली होती आणि तिची मुद्रा मला तरी निर्दोष वाटली नाही. व्याह्यांनी वहीत लिहिले : "द्रावण दोन बोटं कमी. शेळीवर संशय." त्या शेळीला पुढे महिनाभर ते येता जाता पालथ्या हाताने तपासत असत.

एकवीस दिवस व्याह्यांनी कसे काढले ते लोणावळ्याच्या बाजारपेठेला ठाऊक आहे. एक दिवसाआड ते सकाळच्या गाडीने येत. पाऊस कोसळत असे, हवा दमट आणि उकाड्याची, आणि हा इसम लोकरीची बंडी, मफलर व कानटोपी घालून, पायांत दोन दोन मोजे चढवून चिक्कीच्या दुकानांवरून चालत जाई. दुकानदार विचारत, आबा, काश्मीरला का. ते म्हणत, न्हाई, आंब्यांकडं. आत जाऊन टोपल्यांना हात लावत नसत. आकडा लिहायचा, थोडा वेळ त्यांच्याजवळ बसायचे आणि बाहेर यायचे. मॅनेजर मला एकदा म्हणाले, की इतक्या वेळा तर मी माझ्या आईला भेटायला दवाखान्यात गेलो नव्हतो. हे ते थट्टेने म्हणाले नाहीत.

आषाढ वद्य द्वितीयेस टोपल्या बाहेर आल्या. आंबे हिरवट, घट्ट, थंडगार, दोन्ही टोपल्यांतले सारखेच. मॅनेजरांनी पाठ थोपटली, कामगार जमले, मी माझ्या अंगी असलेल्या वक्तृत्वाने चार शब्द बोलण्यास सुरुवात केली. व्याह्यांनी हात वर करून मला थांबवले. "आत्ता न्हाई," ते म्हणाले. "थंडीचा घाव उबेत आल्यावर दिसतो." मला माझ्या केळ्यांची आठवण झाली आणि मी खाली बसलो. टोपल्या मावशीच्या घरी नेल्या, पेंढ्यात वेगवेगळ्या आढ्या घातल्या आणि तीन दिवस थांबलो.

पंचमीस आढ्या उघडल्या. लाल दोऱ्याची आढी आधी. एकही डाग नाही. आंबा पिवळा धमक, वास असा, की दाराशी उभे राहिलेले शेजारी आत आले. व्याह्यांनी प्रत्येक फळ हातात घेऊन फिरवले, आणि मी त्यांच्या डोळ्यांत पाणी पाहिले. मग पांढऱ्या दोऱ्याची आढी. तीही पिवळी धमक. तिच्यावरही डाग नाही. लोकांनी आनंदाने गलका केला. मावशी तर हसू लागली. व्याह्यांचा चेहरा मात्र उतरत गेला. त्यांनी त्या आढीतला एक एक आंबा उजेडात नेला, देठापाशी पाहिला, बुडाशी पाहिला, सुरीने कापून कोयीपर्यंत गर पाहिला. काळ्या डागाची इतकी आर्जवे करणारा माणूस मी तरी दुसरा पाहिलेला नाही. शेवटी ते कापलेल्या फोडींमध्ये बसले आणि म्हणाले, की म्हणजे औषधाचा काही संबंध नव्हता. पाण्यातला आंबाही टिकला. साहेबांचे म्हणणे खोटे निघाले.

मावशी पाटीत आंबे भरत होती. तिने मान वर केली. "ह्यो काळा कशापायी पडंल, आबा?" ती म्हणाली. "त्यालाबी मी औषीद दिलतं."

व्याह्यांनी फक्त विचारले, "कवा?"

"तुमी खाली गेल्यावर. तिन्हीसांजेला. घमेलं होतंच उरल्यालं." तिला त्यात काही लपविण्यासारखे वाटत नव्हते. "एका झाडाची लेकरं ती. एकाला औषीद आन् एकाला नुस्तं पानी, आन् वर दोगांना बर्फात धाडायचं. कोन आई करंल असं? मला ऱ्हावंना."

मी व्याह्यांकडे पाहिले. आता काहीतरी अघटित घडणार अशी माझी खात्री होती. व्याह्यांनी खिशातून वही काढली, मागचे पान उघडले, "शेळीवर संशय" हे शब्द रेघ मारून खोडले आणि खाली लिहिले : "शेळी निर्दोष. मावशीने पांढऱ्या दोऱ्याची टोपलीही औषधात बुडवली." मग त्यांनी पांढऱ्या दोऱ्याच्या टोपलीतला एक आंबा उचलला आणि खाल्ला. सावकाश, सालीसकट, कोय चोखून. मघाशी म्हटलेला तो एकमेव प्रसंग हाच. खाऊन झाल्यावर ते मावशीला म्हणाले, "तुज्या जागी मी असतो तर मलाबी ऱ्हावलं नसतं." मावशीने ते आंबे स्टेशन रस्त्यावर भर पावसात नेले. आषाढात रायवळ पाहून लोक थबकत होते, आणि संध्याकाळपर्यंत पाटी रिकामी झाली. त्या झाडाने प्रथमच कोणाचे तरी ऐकले होते. परंतु का ऐकले, ते सांगता येत नव्हते, आणि बाटली रिकामी होती.

साहेबांना कळवावयाचा वृत्तांत लिहिण्यास व्याही माझ्याकडे आले, तेव्हा मी त्यांना माझ्या अनुभवाचा फायदा देऊ केला. मी म्हणालो, की लाल टोपली चांगली राहिली हे खरेच आहे. पांढरी काळी पडली असे एक वाक्य लिहितो. मॅनेजर आपल्या बाजूचे आहेत, सही करतील. आणि औषध नसते तर ती काळी पडली असतीच, तेव्हा यात खोटे ते काय. पूर्वी त्यांच्याच खोलीत आंबे काळे पडले होते, हा दाखलाही आहे. असे कित्येक कागद मी लिहिले आहेत आणि ते सरकारदरबारी उभे राहिले आहेत. व्याह्यांनी माझी दौत बाजूला सारली. मग म्हणाले, "तो आंबा येगळा, ते वरीस येगळं. शेजारी तोलायला काय न्हाई, तर तोल कसला? आन् व्याही, बाटलीला एकदा खोटं लागलं ना, मग किती बी धुवा, निघत न्हाई."

मी जसे घडले तसे लिहिले. दोन्ही टोपल्या बुडवल्या, दोन्ही टिकल्या, सिद्ध काही झाले नाही, आणखी एक चिमूट पूड पाठवावी म्हणजे पुढच्या ज्येष्ठात पुन्हा करतो. माझ्या आयुष्यात मी लिहिलेला हा सर्वांत आखूड अर्ज, आणि ज्याचा मला अभिमान वाटतो असाही तोच. साहेबांचा ठावठिकाणा नव्हता, म्हणून प्रयोगशाळेच्या पत्त्यावर पाठवला. उत्तर आले नाही. पुढच्या वर्षी मोहर आल्यावर स्मरणपत्र पाठवले. त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा. दरसाल मावशीच्या झाडाला मोहर लागला, की वाडीवरून निरोप वराळ्याला येतो, आणि दुसऱ्या दिवशी व्याही माझ्या चिंचेखाली हजर असतात. पहिल्याने ते वराळ्याहून वडगावला पायी येत. मग बैलगाडीने येऊ लागले. यंदा माझा जावई त्यांना हात धरून घेऊन आला. त्यांना आता लांबचे दिसत नाही; फळाचे अंग मात्र पालथ्या हाताने बरोबर कळते. मी त्यांना सुचवून पाहिले, की साहेब आता तेथे नसतील, हयात असतील की नाही तेही ठाऊक नाही, तेव्हा आता पुरे करावे. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, लिवा.

माझी कन्या सांगते, की ती तपकिरी बाटली ते अजून दर आठवड्यास धुतात. तीन वेळा, शेवटचे पाणी उकळून निववलेले. मग ती उजेडाकडे धरतात, जरी त्यांना त्यात काही दिसत नाही, आणि सूनबाईला विचारतात, स्वच्छ हाय का. ती हो म्हणते. मग कोनाड्यात पालथी घालतात.

येणेप्रमाणे हकीकत खरी आहे. तरी ज्या कोणा अधिकारी साहेबांच्या टेबलावर हे जाईल त्यांना नम्र विनंती, की मागणी फार नाही, एक चिमूट आहे. या खेपेस चूक होणार नाही अशी हमी घेण्यात आली असून ठाकरवाडीच्या मावशीचा अंगठा सोबत जोडला आहे. तिने लिहून दिले आहे, की पुढील वेळी पांढऱ्या दोऱ्याच्या टोपलीला ती हात लावणार नाही; मात्र त्या टोपलीचे आंबे तिच्या डोळ्यांदेखत साध्या पाण्यात बुडवू नयेत, तेवढा वेळ ती तोंड फिरवून बसेल, ही तिची अट आहे व ती आम्हांस मान्य आहे. पूड पाठविणे शक्य नसल्यास तसे कळवावे. नाही असे उत्तर आले तरी चालेल, ते व्याह्यांना कसे सांगावयाचे ते मी पाहीन. परंतु उत्तर असावे.

झाडाला मोहर लागला आहे. बाटली धुऊन ठेवली आहे. न्याय व्हावा, ही विनंती.